तीन महिन्यांच्या कोर्सला सरकारी मदत मिळते का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की साताऱ्या-सांगलीकडच्या महा ई-सेवा केंद्रांत एक प्रश्न हमखास कानावर येतो: "तीन महिन्यांचा कोर्स करायचाय, त्याला स्कॉलरशिप बसते का?" खुर्चीवरचा माणूस महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडतो, कोर्सच्या यादीत वर-खाली करतो, नाव सापडत नाही, "नाही बसत" म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्यानं सांगितलं ते खरंच असतं. पण पोरगं घरी जाऊन सांगतं की असल्या कोर्सला सरकार काही देत नाही. मग वडील कुठून तरी उसनवारी करून वीस-तीस हजार एखाद्या खासगी क्लासात भरतात. इथं घराचं नुकसान होतं.

गेल्या वर्षभरात हा प्रश्न आणखी वाढलाय. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनावेळी पंतप्रधानांनी महाराष्ट्रातल्या ४०० सरकारी आयटीआय आणि १५० तंत्र विद्यालयांतल्या अल्पमुदतीच्या रोजगारक्षम अभ्यासक्रमांचीही सुरुवात केली. २,५०० नव्या बॅचेस, त्यांतल्या ३६४ फक्त महिलांसाठी. सोलर, इलेक्ट्रिक गाड्या, एआय असे विषय. बातमी सगळ्यांनी वाचली. पण आपल्या मुलाला त्यातून काय मिळेल आणि त्यासाठी कुठल्या दारात जायचं, हे बातमीत नसतं.

पैसे येतात, पण तुमच्या हातात येत नाहीत

महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती कशी चालते ते आधी बघू. मुलगा मान्यताप्राप्त कॉलेजात किंवा आयटीआयत प्रवेश घेतो, अर्ज भरतो आणि फीची रक्कम किंवा निर्वाह भत्ता मंजूर होतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती काय किंवा अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती काय, त्यांची सगळी मांडणी पदवी, पदविका, आयटीआय अशा लांब पल्ल्याच्या शिक्षणाभोवती आहे.

अल्पमुदतीच्या कौशल्य प्रशिक्षणाचा हिशोब वेगळा आहे. तिथं सरकार विद्यार्थ्याला पैसे देत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यामागे ठरलेली रक्कम ते थेट प्रशिक्षण केंद्राला देतं. जत्रेतल्या भंडाऱ्यासारखं आहे हे. पंगतीत बसलं तर जेवण मिळतं; पण शेजारच्या हॉटेलात जेवून आलात आणि बिल यात्रा कमिटीपुढं ठेवलंत, तर ते कोणी देणार नाही.

म्हणूनच "मी अमुक क्लासात फी भरली, आता सरकारकडून परत कशी मिळेल?" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी "नाही मिळणार" असं येतं. जी काही चौकशी करायची ती फी भरण्याआधी करा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती ही राहू द्या.

फलकावरच्या 'शासनमान्य' या शब्दाचं काय?

सांगलीचं विश्रामबाग असो की साताऱ्याचा पोवई नाका, क्लासच्या फलकांवर 'शासनमान्य' हा शब्द सर्रास दिसतो. आत गेल्यावर भिंतीवर फ्रेम केलेले कागद असतात. ते जरा जवळ जाऊन वाचा. बऱ्याचदा त्यांत उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, शॉप ॲक्टचा परवाना किंवा एखादं आयएसओ प्रमाणपत्र असतं. हे कागद खोटे नसतात. पण त्यांनी इतकंच सिद्ध होतं की हा धंदा रीतसर नोंदवलेला आहे. शिकवतात त्या कोर्सला सरकारची मान्यता आहे, असं त्यावरून ठरत नाही.

कोर्सच्या मान्यतेसाठी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आहे. कुठल्या कामासाठी काय यायला हवं, ते कुठल्या पातळीचं, परीक्षा कोण घेणार, हे सगळं त्यात ठरवलेलं असतं. या आराखड्यातल्या प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो, त्याला क्यूपी क्रमांक म्हणतात. उदाहरणार्थ, मिरजेच्या दवाखान्यांत रुग्णांची देखभाल करणारे जे सहायक लागतात, त्या 'जनरल ड्युटी असिस्टंट'च्या कोर्सचा क्रमांक आहे एचएसएस/क्यू५१०१. क्लासवाल्याला सरळ विचारा: "या कोर्सचा क्यूपी क्रमांक काय?" मान्यता असेल तर तो लगेच सांगेल. "मॅडम, सर्टिफिकेट सगळीकडे चालतं" असं उत्तर आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.

क्रमांक मिळाला की स्किल इंडिया डिजिटल हब या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तो कोर्स आणि ते केंद्र शोधता येतं. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

फुकट शिकवणारी दारं

सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची चौथी आवृत्ती २०२५-२६ पर्यंत मंजूर होती. अल्पमुदतीचं प्रशिक्षण साधारण ३०० ते ६०० तासांचं, वय १५ ते ४५, फी शून्य. केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी दिलेल्या कौशल्य भारत कार्यक्रमात ही योजना आणि शिकाऊ उमेदवारी एकत्र आणली. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी त्याला ८,८०० कोटी रुपयांची तरतूद होती. अशा योजना टप्प्याटप्प्यानं मंजूर होतात. म्हणून केंद्रावर जाऊन "तुमच्याकडे ही योजना आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "या बॅचला मंजुरी आहे का?" हे विचारावं लागतं.

राज्य सरकारचीही केंद्रं आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यभरात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं एकाच वेळी सुरू झाली, तीही मोठ्या गावांत, म्हणजे जत-आटपाडीच्या पोरांना सांगलीला खोली घेऊन राहायची वेळ येऊ नये असा विचार होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात कॉलेजांमध्ये आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रं आली. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते आहे का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारलं की कळतं. कॉलेजचा विद्यार्थी नसलात तरी विचारा. ही केंद्रं १५ ते ४५ वयोगटासाठी आहेत.

ग्रामीण भागातल्या गरीब घरातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. राहण्या-जेवणाची सोय असलेली प्रशिक्षणं तीत असतात आणि शिकलेल्यांपैकी ७० टक्के मुलांना काम मिळवून देण्याची अट संस्थेवर असते. तिची चौकशी पंचायत समितीत 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या, तालुका कक्षात करायची. आई किंवा बहीण बचत गटात असेल तर तुमच्या गावची सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, तिथला रस्ता दाखवेल.

मला स्वतःला यातलं सगळ्यात कमी ओळखलं गेलेलं आणि सगळ्यात उपयोगाचं दार वाटतं ते ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं. लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक, ही संस्था चालवते. साताऱ्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, सांगलीची बँक ऑफ इंडिया. शिलाई, ब्युटी पार्लर, मोटार रिवाइंडिंग, दुचाकी दुरुस्ती, शेळीपालन, दुग्धव्यवसाय असे काही दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंतचे वर्ग असतात. शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत. प्रशिक्षण संपल्यावरही संस्थेनं दोन वर्षं तुमच्या संपर्कात राहून धंदा उभा राहतोय का ते बघायचं असतं. बँकेनंच शिकवलेलं असल्यामुळे पुढं कर्जाची फाइल घेऊन त्याच बँकेत जाताना तुम्ही अनोळखी राहत नाही. ज्याला नोकरी करायची नाही, गावातच काही सुरू करायचंय, त्यानं इतर कुठं फिरण्याआधी इथं जावं.

माझ्या समाजासाठी काही आहे का?

आहे, आणि हे दार बऱ्याच घरांना माहीतच नसतं. मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याची 'सारथी', अनुसूचित जातींसाठी 'बार्टी', इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची 'महाज्योती', आदिवासींसाठी 'टीआरटीआय', आणि खुल्या प्रवर्गातल्या ज्या आर्थिक दुर्बलांसाठी अशी स्वतंत्र संस्था नाही त्यांच्यासाठी 'अमृत'. या संस्था स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण संगणक आणि कौशल्याचे कोर्सही त्या स्वतःच्या खर्चानं करून देतात. सारथीचा संगणक कौशल्य कार्यक्रम गावोगावच्या संगणक केंद्रांतूनच चालतो. त्यामुळे ज्या केंद्रात एक मुलगी फी भरून शिकते, तिथंच शेजारच्या संगणकावर दुसरी मोफत शिकत असू शकते. फरक एवढाच की दुसरीनं जाहिरात बघून वेळेत अर्ज केलेला असतो.

मुदत हीच इथली अडचण. जाहिरात निघते, थोड्या दिवसांची मुदत असते, जागा भरतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर तेव्हा काढायला धावलं तर वेळ हातातून जाते. हे दाखले आधीच तयार ठेवलेल्या घरातल्या मुलांना त्याचा फायदा होतो.

हातात पैसे मिळतात अशा जागा

तीन आहेत. पहिली शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्यानं ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं. कुपवाड, मिरज, पलूस, तासवडे, शिरवळ या एमआयडीसींत हात काळे करून शिकायची तयारी असेल, तर कोर्ससाठी पैसे भरण्याऐवजी पैसे घेत शिकता येतं. याची नोंदणीही सरकारी पोर्टलवर होते.

दुसरी, २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. वय १८ ते ३५. आधी सहा महिन्यांची असलेली मुदत पुढं ११ महिन्यांपर्यंत वाढवली गेली. यात कोर्स नाही, कामावरचा अनुभव आहे. शिवाय शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नाही. त्यामुळे आधी छोटा कोर्स आणि मग हे, असा क्रम लावता येतो.

तिसरी जागा आहे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांसाठी. १७ सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, गवंडी, न्हावी, चर्मकार वगैरे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि पुढं ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकच माणूस. विटा-खानापूरकडचा सोन्या-चांदीचं काम करणारा कारागीर 'सोनार'मध्ये बसतो का, हे नोंदणीच्या वेळी नीट विचारून घ्यावं. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तंतुवाद्य बनवणं हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून या अठरांत नाही. मला ही गोष्ट खटकते.

फुकटात जागा नाही मिळाली तर कर्ज काढावं का?

एखादा चांगला, मान्यताप्राप्त पण पैसे भरूनच करायचा कोर्स असेल, तर सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला जाण्याआधी बँकेत 'स्किल लोन' विचारा. २०१५ च्या योजनेत ते दीड लाखापर्यंत मिळायचं. जुलै २०२४ मध्ये मर्यादा साडेसात लाखांवर नेली. तारण लागत नाही, कारण काही भागाची हमी सरकारी निधी घेतो. पालकांची सही मात्र सहकर्जदार म्हणून लागते. एक वर्षाच्या आतल्या कोर्सला मूळ योजनेत कोर्स संपल्यावर सहा महिने हप्ता सुरू होत नाही.

आता आकडा बघा. समजा ४०,००० रुपये घेतले, व्याज ११ टक्के, फेड तीन वर्षांत. हप्ता पडतो महिना १,३१० रुपयांच्या आसपास, आणि एकूण व्याज सात हजारांच्या थोडं वर. हप्ता थांबलेल्या काळातलं व्याज त्यावर वेगळं. नोकरी १२ हजारांची लागली तर हा हप्ता झेपतो. नोकरी लागलीच नाही, तर हप्ता वडिलांच्या उसाच्या बिलातून जाणार. बँकेचा मॅनेजर नाखुशीनं बघत असेल तर नाउमेद होऊ नका. योजनेचं नाव घेऊन, क्यूपी क्रमांक आणि फीचं लेखी पत्रक समोर ठेवून बोला. तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा.

"फुकटच्या ट्रेनिंगला कोण विचारतं?"

हा आक्षेप घराघरांत निघतो आणि तो हवेतला नाही. केंद्राला पैसे डोकी मोजून मिळतात, म्हणून काही ठिकाणी सगळा जोर बॅच भरण्यावर असतो. गावात 'मोबिलायझर' येतो, म्हणजे केंद्रासाठी मुलं गोळा करणारा माणूस, आणि म्हणतो, "फक्त आधार द्या आणि अंगठा द्या, रोज यायची गरज नाही, सर्टिफिकेट मिळेल." असं कोणी म्हणालं तर आधार देऊ नका. पोर्टलवर तुमच्या नावावर एक बॅच चढली की खऱ्या कोर्सला जाताना तीच आडवी येऊ शकते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेबद्दल गंभीर गोष्टी आल्या. तपासलेल्या नोंदींपैकी ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणी प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा त्यात शून्य असल्या निरर्थक नोंदी होत्या. ज्या मुलांनी खरोखर तीन महिने घाम गाळला, त्यांच्या प्रमाणपत्राची किंमत अशा कारभारानं कमी होते, आणि याचा राग यायलाच हवा.

इतर देशांनाही हा प्रश्न पडलाय. अमेरिकेत कॉलेजच्या गरजू मुलांना 'पेल ग्रँट' नावाची सरकारी मदत मिळते. पंधरा आठवड्यांपेक्षा छोट्या कोर्सना ती मिळत नव्हती. जुलै २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या कोर्सनाही ती लागू करायचं ठरलं. अट अशी घातली की किमान ७० टक्के मुलांनी कोर्स पूर्ण केला पाहिजे आणि किमान ७० टक्क्यांना काम मिळालं पाहिजे. हीच चौकशी तुम्ही तुमच्या तालुक्यातल्या केंद्रात करू शकता. मागच्या बॅचमध्ये किती मुलं होती, शेवटपर्यंत किती टिकली, कुठल्या कंपनीत लागली? दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलणं करून द्या म्हणावं. वर्गात डोकावून यंत्रं झाकून ठेवलेली आहेत की वापरात आहेत तेही बघा. वेल्डिंगच्या वर्गात जळक्या सळ्यांचे तुकडे पडलेले दिसले की समजा, इथं खरंच शिकवतात.

म्हणून सगळं फुकटचं वाईट असा निष्कर्ष काढू नका. चांगली केंद्रं आहेत आणि ती शोधावी लागतात, जशी फी भरणारेही चांगला क्लास शोधतात.

"फी नाही, पण जाण्यायेण्याचं आणि बुडालेल्या मजुरीचं काय?"

या प्रश्नाला मला पूर्ण समाधानकारक उत्तर देता येत नाही, कारण योजनांमध्येच ते नाही. बहुतेक अनिवासी कोर्सना भत्ता मिळत नाही. माणदेशातून रोज साताऱ्याला येणाऱ्या मुलासाठी तीन महिन्यांचं भाडं आणि बुडालेला रोज ही खरी फी असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि 'कमवा आणि शिका' रुजवलं, कारण शाळा फुकट असली तरी पोटाचं काय हा प्रश्न शिल्लक राहतोच. आजच्या योजना आखणाऱ्यांनी साताऱ्यातच जन्मलेला हा विचार उचलायला हवा.

तोवर जे हाताशी आहे ते वापरायचं. घरातून लांब असाल तर निवासी वर्ग आधी बघा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ती कुठल्याही कामासाठी प्रवास केला तरी मिळते, कोर्सच्या मान्यतेशी तिचा संबंध नाही. कामावर असलेल्यांनी संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची बॅच आहे का ते विचारावं. आणि ज्याला काम आधीच येतं, त्यानं तीन महिने घालवूच नयेत: 'पूर्वज्ञानाची मान्यता', केंद्रवाले तिला आरपीएल म्हणतात, यात येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र मिळतं. दहा वर्षं वायरिंग करणाऱ्या माणसाला हाच रस्ता योग्य.

कागदांतली एक बारीक गोष्ट

आधार, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला, हे सगळे सांगतात. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि दाखल्यावर एकच हवं, हेही बहुतेकांना अनुभवानं कळलेलं असतं.

पैसे अडकतात ते बँक खात्यात. खातं आधारला 'लिंक' असणं आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी आधारशी 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची पाच खाती आधारला लिंक असू शकतात, पण सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि विद्यावेतन तिथंच जाऊन पडतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी मेळाव्यात उघडलेलं आणि विसरलेलं खातं ते असू शकतं. बँकेत जाऊन "माझं एनपीसीआय सीडिंग कुठल्या खात्याला आहे?" असं विचारा आणि हवं त्या खात्याला बदलून घ्या. पतसंस्थेचं खातं यासाठी चालत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पतसंस्थांचं जाळं मोठं, त्यामुळे कित्येक घरांत पासबुक असतं ते तिथलंच. अशांनी आधी राष्ट्रीयीकृत किंवा पोस्टाच्या बँकेत खातं काढावं.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा. जुनी माणसं त्याला अजून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतात. महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून जावं म्हणजे तिथं वेळ जात नाही. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे हे कार्यालय आहे. कुठल्या केंद्राच्या कुठल्या बॅचला सध्या मंजुरी आहे, याची चौकशी इथंच करायची, आणि मग त्या केंद्रात स्वतः जाऊन वर्ग बघून यायचा.